कपाटामागचं पुस्तक

*माझी भाची नऊ वर्षांची आहे, चौथीत शिकते. आठ महिन्यांपूर्वी तिचे आईबाबा वेगळे झाले आणि तेव्हापासून माझी धाकटी बहीण तिला घेऊन माझ्याकडे राहते. बहीण दिवसभर नोकरीवर, त्यामुळे शाळा सुटल्यानंतरची पोरगी माझ्याकडे. पूर्वी ही मुलगी पुस्तकांचा फडशा पाडायची. आता एकच पुस्तक हातात धरते, तेही चार-पाच वर्षांच्या मुलांसाठीचं, चित्रांचं, तोंडपाठ झालेलं. मी अकरा नवी पुस्तकं आणली. त्यातलं एक आईबाबा वेगळे झालेल्या मुलीबद्दल होतं. ते परवा झाडताना कपाटामागे सापडलं. शेवटी रोज वीस पानं वाचायचीच असा नियम केला, तर रोज रात्री रडारड. सकाळी पोटात दुखतं म्हणते. वर्गातल्या बाई म्हणतात, लक्ष नसतं. गेल्या आठवड्यात तिनं विचारलं, ‘मावशी, बाबा परत कधी येणार?’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आधी वाचन संपव.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. मी कडक राहू की सोडून देऊ? तिचं वर्ष वाया जाणार का? आणि या पुस्तकांचं मी करू काय?*
— *एक मावशी*

प्रिय मावशी,

तुम्हाला झोप लागली नाही, हे वाचून मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. ज्यांना अशा वाक्यानंतर गाढ झोप लागते, ते मला पत्र लिहीत नाहीत.

तर त्या वाक्यापासूनच सुरुवात करू, कारण वीस पानं, पोटदुखी, वर्गातलं लक्ष हे सगळं त्याच्या आसपासच आहे. ती वाचत बसली होती. म्हणजे पुस्तक समोर होतं आणि डोक्यात बाबा होते. मधेच तिनं मान वर करून तुम्हाला विचारलं. आठ महिन्यांत हा प्रश्न तिनं कितीदा गिळला असेल, कोण जाणे. तो तिनं तुमच्यासमोर बाहेर काढला, आईसमोर नाही. मुलं आईला रडवायला घाबरतात, म्हणून असे प्रश्न मावशी, आत्या, आजीकडे घेऊन जातात. तिनं तुमच्यावर विश्वास टाकला होता. तो तुमच्या हातून निसटला, पण फुटलेला नाही. आजच संध्याकाळी तिच्याजवळ जा आणि म्हणा, ‘त्या दिवशी तू बाबांबद्दल विचारलंस आणि मी भलतंच काहीतरी बोलले. चुकलं माझं. तुझा प्रश्न मला आठवतोय.’ एवढंच बोला. लगेच उत्तर द्यायची घाई नको आणि तिच्याकडून ‘असू दे मावशी’ची अपेक्षाही नको.

एड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता. आई आपल्या काही महिन्यांच्या बाळाशी खेळते, मग मिनिट-दोन मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवते. बाळ हसून बघतं, आवाज काढून बघतं, हात पुढे करतं. काहीच होत नाही म्हटल्यावर मान फिरवतं, कुरकुरायला लागतं. या प्रयोगातला कोरा चेहरा सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्याचा पुढचा भाग फार कमी लोक सांगतात: आई परत हसते, बोलते, आणि बाळ हळूहळू परत येतं. ट्रॉनिकनं पुढे दाखवून दिलं की चांगल्या जुळलेल्या आई-बाळातसुद्धा बराच वेळ सूर लागलेला नसतोच. तो चुकतो आणि परत लावला जातो. मुलं यातूनच शिकतात की माणसं तुटतात तशी जुळतातही. तुमच्या भाचीनं आठ महिन्यांपूर्वी तुटणं जवळून पाहिलं आहे. जुळवणं दाखवायची संधी तुम्हाला आयती मिळाली आहे.

आता वीस पानं. नियम आज रात्रीपासून बंद करा. हळूहळू दहावर, मग पाचवर आणणं नको, थेट बंद. तिला तसं सांगाही, नाहीतर ती रोज रात्री नऊ वाजता धास्तावून बसेल.

यात लाड नाहीत. वाचताना डोक्यात काय चालतं ते जरा बघा. आपल्या मराठीत क्रियापद येतं शेवटी. ‘पावसात भिजलेली, दोन दिवस उपाशी असलेली ती मांजर अंधारात चाचपडत त्या बंद दाराशी येऊन…’ आता ती बसली, कोसळली, की परत फिरली? शेवटचा शब्द येईपर्यंत पाऊस, उपास, अंधार, दार हे सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. याला कार्यकारी स्मृती म्हणतात, आणि ती फार छोटी असते, ओंजळीएवढी. तिचा मोठा भार कपाळामागच्या मेंदूवर असतो. भीती, काळजी, ताण आला की नेमका हाच भाग ढिला पडतो, कारण धोक्याच्या वेळी शरीराला व्याकरणाची गरज नसते, पळायची किंवा लपायची असते. भाचीची ओंजळ आधीच भरलेली आहे. बाबा कुठे असतील, आई रात्री का रडली, आपण काही चुकीचं वागलो का. त्यात तुम्ही वीस पानं ओतताय, ती वाहून जाणारच. वाचता येणारं मूल एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा घुटमळतं तेव्हा आपल्याला वाटतं आळस आहे. खरं तर ते मूल बहुतेक वेळा फार कष्ट करत असतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त टोचते. रोज रात्री पुस्तक उघडलं की रडू, असं दोन महिने चाललं तर पुस्तक आणि रडू यांची गाठ पडते. ताण उद्या ओसरेल, गाठ राहील. शाळेच्या ग्रंथालयात बावीस वर्षं काढली मी. तिथे मला भेटलेली, पुस्तकाला हात न लावणारी बरीच मुलं अशी होती की त्यांना वाचायला येत होतं. कुणीतरी त्यांच्या अवघड दिवसांत पुस्तक शिक्षेसारखं हातात दिलं होतं. देणारं माणूस प्रेमाचंच होतं, तुमच्यासारखं.

आणि ते एकच पुस्तक? चित्रांचं, बाळांचं, तोंडपाठ झालेलं? ते वाचू द्या. मी तर म्हणेन, त्यावरचं ‘बाळांचं’ हे लेबलही काढून टाका. ताणाच्या काळात मुलं वयानं मागे जातात, हे बालरोगतज्ज्ञांपासून आज्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी पुन्हा अंगठा चोखतं, कुणी जुनी दुलई शोधून काढतं, कुणी दिवा लावून झोपायचा हट्ट धरतं. तुमच्या भाचीनं पुस्तक निवडलं, यात तक्रार करण्यासारखं मला काही दिसत नाही. ज्या गोष्टीचा शेवट आधीपासून माहीत आहे, ती गोष्ट फसवत नाही. तिच्या घराची गोष्ट अचानक वळली, आणि ती वळणार आहे हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

माझा धाकटा दहा वर्षांचा असताना त्याचे आजोबा गेले. दोघांची फार गट्टी होती. त्यानंतर त्यानं गोष्टीची सगळी पुस्तकं बाजूला टाकली आणि घरात कुठेतरी पडलेलं रेल्वेचं जुनं वेळापत्रक उचललं. चार वर्षांपूर्वीचं, मुखपृष्ठ गळालेलं. तासन् तास ते घेऊन बसायचा. बोटानं एक गाडी शोधायची, ती कुठून कुठे जाते ते स्टेशन-स्टेशन वाचायचं. मग पानं उलटून तीच गाडी परत येते तो तक्ता शोधायचा आणि तोही वाचायचा. मग दुसरी गाडी. मी एकदा विचारलं, ‘हे काय चाललंय?’ म्हणाला, ‘बघतोय.’ मी त्याला हसले होते, आणि एका संध्याकाळी तर ते वेळापत्रक रद्दीत घालायलाही निघाले होते. परतीच्या गाड्यांचं माझ्या लक्षात यायला पुढे कितीतरी वर्षं लागली. तेव्हा विचारावं तर तो घर सोडून शिकायला गेलेला.

शिकण्याच्या हिशेबानंही परत वाचणं फुकट जात नाही. ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोन्हीकडे तितक्याच वेळा कानावर पडले. तरी शब्द जास्त लक्षात राहिले ते तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. तुमची भाची तीन वर्षांची नाही, तेव्हा हा निष्कर्ष तिला जसाच्या तसा लावणार नाही मी. पण ‘तेच तेच वाचून काय मिळतं’ हा प्रश्न वाटतो तितका पक्का नाही, एवढं त्यातून नक्की निघतं.

मग वाचन सोडूनच द्यायचं का? नाही. ते तुम्ही करायचं, मोठ्यानं. तिनं फक्त ऐकायचं. आणि ऐकायचं नसेल तर तेही नाही, तिनं नुसतं त्या खोलीत असायचं.

‘चौथीतल्या मुलीला काय वाचून दाखवायचं’ असं तुमच्या मनात येईल. साधारण आठवीपर्यंत मुलांना स्वतः वाचून जेवढं समजतं त्याहून ऐकून जास्त समजतं, असं वाचनाच्या अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. गफ आणि टनमर या दोघांनी 1986 मध्ये वाचनाचं एक सोपं सूत्र मांडलं: अक्षरं सोडवणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार, म्हणजे एक बाजू शून्य झाली तर सगळंच शून्य. तुमच्या भाचीला अक्षरं सोडवता येतात, ते कुठे जात नाही. दुसरी बाजू, म्हणजे शब्द, वाक्यांची वळणं, गोष्ट कशी पुढे सरकते याचा अंदाज, ही कानानंही वाढते. त्यामुळे तुम्ही वाचत असाल तर तिचं वाचन थांबलेलं नाही. त्यातला जड भाग काही दिवस तुम्ही उचललाय, इतकंच.

कसं वाचायचं, याबद्दल माझी काही ठाम मतं आहेत. समोरासमोर बसू नका, शेजारी बसा. पुस्तक दोघींच्या मधे असावं आणि तिची नजर पानावर, छतावर, कुठेही असावी. दहा मिनिटं पुरे. मधे थांबून ‘याचा अर्थ काय?’, ‘मग काय झालं सांग’ असं विचारायचं नाही, ती परीक्षा झाली. गोष्ट संपली की तात्पर्य काढायचं नाही. सुरुवात तिच्या त्या पाठ पुस्तकानंच करा. ती मधे दुरुस्ती करेल, ‘मावशी, असं नाहीये तिथे.’ करू दे. गेल्या आठ महिन्यांत तिच्या म्हणण्याप्रमाणे झालेली ही बहुधा पहिलीच गोष्ट असेल. आणि बहिणीला जमेल त्या रात्री तिनं वाचावं. दमलेल्या आवाजात, दोन पानंच वाचली तरी चालतील. दमलेली आई जवळ बसून वाचते, याचा अर्थ मुलीला बरोबर कळतो.

एका आठवड्यात काही बदल दिसणार नाही. दोन आठवड्यांतही कदाचित नाही. तेव्हा वही घालून नोंदी ठेवू नका. मी तुम्हाला ओळखत नाही, पण अकरा पुस्तकं एकदम आणणारी बाई वही घालणार, असा माझा संशय आहे.

आता त्या लपवलेल्या पुस्तकाकडे येते. ही चूक मीही केली आहे, म्हणून जरा सविस्तर. ग्रंथालयात एक मुलगा यायचा, सहावीतला. त्याची आई आजारपणात गेली. महिन्याभरानं तो आला तेव्हा मी त्याच्यासाठी एक पुस्तक काढूनच ठेवलं होतं, आई गमावलेल्या मुलाची गोष्ट, चांगली, समजूतदारपणे लिहिलेली. मला वाटलं होतं, त्याला एकटं वाटणार नाही. त्यानं मागचा मजकूर वाचला, पुस्तक टेबलावर पालथं ठेवलं आणि म्हणाला, ‘हे मला माहितीये.’ मग गेला आणि समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या माशांवरचं पुस्तक घेऊन आला. मी ते नोंदवून दिलं, दुसरं काय करणार होते!

दुःखी मुलाच्या हातात त्याच्याच दुःखाचं पुस्तक देणं म्हणजे त्याला आरशासमोर उभं करून ‘बघ’ म्हणणं. काहींना आरसा हवा असतो, बहुतेकांना सुरुवातीला खिडकी लागते. लांबच्या गोष्टीत मूल स्वतःचं दुःख हळूच नेऊन ठेवू शकतं आणि कुणी बघितलंच तर ‘मी तर माशांबद्दल वाचतोय’ असं म्हणू शकतं. पोलंडमधले डॉक्टर यानुश कोर्चाक 1912 पासून वॉर्सात अनाथ मुलांचं घर चालवत होते. नाझींनी ते घरही घेट्टोत, म्हणजे ज्यूंना शहरापासून तोडून डांबलेल्या वस्तीत, कोंडलं. जुलै 1942 मध्ये, भुकेच्या आणि आजारांच्या त्या दिवसांत, तिथल्या मुलांनी एक नाटक बसवलं. ते युद्धावरचं नव्हतं, भुकेवरचं नव्हतं. ते होतं रवींद्रनाथ टागोरांचं, एका आजारी मुलाचं: खोलीबाहेर जायला बंदी असलेला, खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलणारा, राजाच्या पत्राची वाट पाहणारा मुलगा. पुढच्याच महिन्यात कोर्चाक आणि ती मुलं त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेली गेली. त्या मुलांशी तुमच्या घरची तुलना मी करत नाही, करूही नये. पण ज्या माणसानं आयुष्यभर मुलांना वाचलं, त्यानं सगळ्यात वाईट काळात मुलांपुढे लांबची, खिडकीतली गोष्ट ठेवली, ही गोष्ट मला पुस्तकं निवडताना नेहमी आठवते.

पोटदुखीबद्दल थोडक्यात. आधी डॉक्टरांना दाखवा, एकदा नीट, म्हणजे मनात शंका राहणार नाही. तिथे काही निघालं नाही तरी ‘काही नाहीये, नाटकं आहेत’ असं घरात कुणी म्हणू नये. ताणानं पोट खरंच दुखतं. आतड्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि मेंदूशी त्याची सतत बोलणी चालू असतात. परीक्षेच्या सकाळी मोठ्यांचंही पोट बिघडतं ते उगाच नव्हे. पोट शेकायला द्या, पाच मिनिटं जवळ बसा आणि शाळेत मात्र पाठवा. घरी ठेवत गेलात तर शाळा रोज थोडी जास्त भीतीदायक होत जाते. तिला घ्यायला कोण येणार आहे हे निघतानाच नावानिशी सांगा, ‘आज मी फाटकाशी असेन.’ आणि असा. ज्या मुलीचं एक माणूस घरातून गेलंय, तिला उशिरा पोचलेली मावशी फार उशिरा पोचलेली वाटते.

‘बाबा परत कधी येणार?’ याचं उत्तर आधी तुम्ही दोघी बहिणी ठरवा, मुलगी झोपल्यावर, आणि दोघींचं एकच असू द्या. ते खरं असावं आणि छोटं असावं. ‘बाबा या घरात राहायला येणार नाहीत. तुला ते अमुक दिवशी भेटतील.’ भेटीचं काही ठरलेलं नसेल तर ‘ते अजून ठरलेलं नाही, ठरलं की पहिल्यांदा तुला सांगू.’ ‘बघू’, ‘लवकरच’, ‘तू शहाण्यासारखी वागलीस की’ हे तीन शब्दप्रयोग घरातून हद्दपार करा, विशेषतः तिसरा. या वयाची मुलं मनातल्या मनात स्वतःवर खटला चालवत असतात. मी भांडले म्हणून, मी अभ्यास केला नाही म्हणून बाबा गेले. म्हणून तिनं विचारलं नसलं तरी सांगा: हे मोठ्यांमधलं होतं, तुझ्यामुळे नव्हतं. एकदा सांगून भागणार नाही. महिन्यानं परत, तीन महिन्यांनी परत. आणि बाबांबद्दल तिच्यासमोर वाईट बोलणं नको. तुमचा राग रास्त असेल. पण ती अर्धी त्यांची आहे, आणि तिला ते माहीत आहे.

ती रडायला लागली की समजावणं थांबवा. ओंजळ भरलेली असताना उपदेश कुठे मावणार? शेजारी बसा, आवाज खाली आणा, स्वतःचा श्वास सावकाश सोडा. मग जमलं तर जे दिसतंय त्याला नाव द्या. ‘राग आलाय तुला.’ ‘आठवण येतेय.’ मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मोठ्या माणसांच्या मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं होतं की भावनेला शब्द मिळाला की मेंदूतलं धोक्याची घंटा वाजवणारं केंद्र जरा शांत होतं. नाव चुकलं तरी हरकत नाही. ‘राग नाही आला मला!’ असं ती ओरडली, तर पुढचा शब्द ती स्वतःच शोधेल.

वर्ष वाया जाईल का? बाईंना भेटा. सगळी कहाणी सांगायची गरज नाही, ‘घरात मोठा बदल झालाय, काही महिने तिला सांभाळून घ्या’ एवढं पुरतं. घरचा अभ्यास थोडा कमी करता येईल का, मोठ्यानं वाचायला तिला अचानक उभं करणं टाळता येईल का, हे विचारा. चांगले शिक्षक ऐकतात. काही ऐकत नाहीत, मग पुन्हा जायचं.

आणि शिकणं काही पुस्तकावाचून अडत नाही, हे पुस्तकांत आयुष्य घालवलेली बाई सांगतेय. घरात जे चाललंय त्यात तिला ओढा. टॉर्च बिघडलाय? स्क्रू काढायला द्या, कोणता कुठला ते कागदावर मांडून ठेवू दे. बटणांचा जुना डबा असेल तर शर्टाच्या तुटलेल्या बटणाला जुळणारं बटण शोधायला द्या. चार भोकांचं, दोन भोकांचं, थोडं पिवळट पडलेलं पण चालेल असं. गटात लावणं, फरक ओळखणं, अंदाज बांधणं, सगळं त्यात आलं. तुमचा चष्मा सापडत नसेल तेव्हा औषधाच्या बाटलीवरची तारीख तिला वाचायला लावा. खरंच उपयोग होत असेल तरच हं, मुलांना बनावट काम लगेच ओळखू येतं. आणि हात कामात असले, नजर खाली असली की मुलं बोलतात. सोफ्यावर समोर बसवून ‘बोल बाळा, काय होतंय’ म्हटलं की गप्प होणारी मुलगी चादरीची दोन टोकं धरून घडी घालताना, तुम्ही एक टोक धरलेलं असताना, असं काहीतरी बोलून जाईल की तुमच्या हातातलं टोक सुटेल. सोडू नका. घडी घालत राहा, ‘हं’ म्हणा.

बाहेरची मदत कधी घ्यायची तेही स्पष्ट सांगते. झोप किंवा जेवण काही आठवडे बिघडलेलं राहिलं, ती शाळेत जायलाच नाही म्हणू लागली, मैत्रिणी आणि खेळ पूर्ण सुटले, तर मुलांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा. स्वतःला इजा करणं किंवा ‘मी नसते तर बरं’ असं काही बोलणं, अगदी सहज बोलल्यासारखं असलं तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना गाठायचं, ‘बघू आठवडाभर’ नाही. आणि एक वेगळी शक्यता: आधी ती फडशा पाडायची म्हणता, म्हणून वाचनातली अडचण ताणाची वाटते. पण पूर्वीही ती अक्षरांशी झगडायची, नुसती चित्रं बघून गोष्ट सांगायची असं बहिणीला आठवत असेल, तर डोळे आणि वाचनदोष या दोन्हींची तपासणी करून घ्या.

कडक राहू की सोडून देऊ, असं तुम्ही विचारलंत. झोपायची वेळ, दात घासणं, शाळेत जाणं, दुसऱ्याला न मारणं यात कडक राहा. रोजच्या ठरलेल्या गोष्टी ठरल्याप्रमाणे झाल्या की मुलांना सुरक्षित वाटतं. वाचन त्या यादीतून काढा.

राहिली पुस्तकं. दहा पुस्तकं तिच्या हाताला येतील अशी, कणा बाहेर दिसेल अशी ठेवून द्या आणि त्यांचा विषय काढू नका. तुम्हाला स्वतःला त्यातलं एखादं वाचावंसं वाटलं तर वाचा, तिच्या देखत, हसू आलं तर हसा. अकरावं तुम्ही कपाटामागून काढलं असेल, तर ती शाळेत असताना जिथे होतं तिथे परत ठेवून द्या. ते कुठे आहे हे तिला माहीत आहे.

तुमची,
ताई